गारपिटीनंतरचं छप्पर: कॅल्गरीतल्या मराठी घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे गारपीट म्हटलं की आधी द्राक्षबागा आठवतात, डाळिंबं आठवतात, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात आडवा झालेला गहू आठवतो. घराच्या छपराचा विचार त्यात क्वचितच येतो, कारण डोक्यावर स्लॅब असतो. इथे कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरीत डोक्यावर लाकडी फळ्या आणि त्यांवर डांबरी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवलेल्या डांबराच्या पट्ट्या, एवढंच असतं. १३ जून २०२० ला टॅराडेल, सॅडल रिज, मार्टिंडेल, स्कायव्ह्यू या ईशान्येकडच्या वस्त्यांवर टेनिस बॉलएवढ्या गारा पडल्या. ५ ऑगस्ट २०२४ ला शहराच्या उत्तर भागात थोडाच वेळ गारा पडल्या आणि विमाकंपन्यांनी भरायच्या नुकसानीचा आकडा ३ अब्ज डॉलरच्या आसपास गेला. विमानतळाच्या टर्मिनलचं छप्परसुद्धा वाचलं नाही.

गेली काही वर्षं मी याच शहरात छपरांची तपासणी आणि दुरुस्ती करतो. दर उन्हाळ्यात ओळखीच्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

छप्पर गळत नाहीये. मग तपासून घ्यायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि चुकतं ते इथेच. गारेचा मार हा बहुतेक वेळा मुका मार असतो. शाळेत पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला खरचटलेलं नसतं, रक्त नसतं, आणि दोन दिवसांनी पाय टेकवत नाही, तसं.

डांबरी शिंगलच्या आत काचतंतूंची पातळ चटई असते. तिच्या दोन्ही बाजूंना डांबर, आणि वरच्या डांबरात रुतवलेले खड्याचे बारीक दाणे. दाण्यांचं काम उन्हापासून डांबर वाचवण्याचं. मोठी गार आदळली की दाणे उडतात किंवा आत दाबले जातात आणि खालच्या चटईला तडा जातो. वरून पाहिलं तर एक काळसर ठिपका, फार तर रुपयाएवढा. त्या दिवशी पाऊस पडला तरी थेंब आत येत नाही, कारण शिंगल एकावर एक चढवलेले असतात आणि खाली आणखी एक थर असतो.

पुढचं काम ऊन आणि थंडी करतात. उघडं पडलेलं डांबर उन्हाने वाळतं, कडक होतं. पाणी तड्यात शिरतं आणि रात्री गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणजे तडा रोज जरा जरा रुंद होतो. त्यात कॅल्गरीचा चिनूक. जानेवारीत उणे वीसमध्ये असलेलं छप्पर डोंगरावरून उतरलेल्या त्या गरम वाऱ्याने काही तासांत शून्याच्या वर येतं आणि रात्री परत गोठतं. ज्या शहरात हिवाळाभर बर्फ एकदाच पडून गोठून राहतो, तिथल्या छपराला एवढी ये-जा सोसावी लागत नाही. आपल्याला लागते. म्हणून जुलैमध्ये बसलेला मार दुसऱ्या किंवा तिसऱ्या हिवाळ्यात बोलतो. तेव्हा तो कुठल्या गारपिटीचा हे सिद्ध करणं अवघड असतं, आणि क्लेमची मुदतही टळलेली असू शकते.

इथेच एवढ्या मोठ्या गारा का पडतात?

रॉकी पर्वताच्या पायथ्याशी उन्हाळ्यात उंच वादळी ढग तयार होतात. शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असल्यामुळे गारेला खाली येताना वितळायला फारसा वावच मिळत नाही. कॅल्गरी ते रेड डिअर या पट्ट्याला लोक ‘हेलस्टॉर्म अ‍ॅली’ म्हणतात. सप्टेंबर १९९१ च्या मोठ्या गारपिटीनंतर विमाकंपन्यांनी स्वतःच्या पैशाने १९९६ पासून ढगांत विमानं पाठवून सिल्व्हर आयोडाइड सोडायला सुरुवात केली. हेतू हा की गारा लहान राहाव्यात. तरीही १ ऑगस्ट २०२२ ला रेड डिअरजवळच्या मार्करव्हिल भागात १२३ मिलिमीटर व्यासाची, २९२.७१ ग्रॅम वजनाची गार सापडली. छोट्या पपनसाएवढी. कॅनडातला तो विक्रम आहे.

गारा थांबल्याबरोबर काय करावं?

पूर्ण थांबेपर्यंत बाहेर जाऊ नका. दहा मिनिटांनी दुसरा झोत येतो, हे अनेकदा पाहिलंय.

मग चार-पाच गारा उचला, नाण्याशेजारी किंवा टेपशेजारी ठेवून फोटो काढा, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. पिशवीवर तारीख आणि वेळ लिहा. घराच्या चारही बाजूंचे फोटो काढा, नुकसान दिसो वा न दिसो. स्कायलाइट फुटला असेल तर खाली बादली ठेवा आणि जमलं तर आतल्या बाजूने प्लास्टिक लावा.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. झाडांची पानं आणि गारा मिळून पन्हळीच्या उभ्या पाइपांची तोंडं बुजवतात. पाणी पायाशी साचतं आणि बेसमेंटमध्ये उतरतं. छपराकडे पाहायच्या आधी पाइपांची खालची तोंडं मोकळी करा.

आणि फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची, किंवा गीझरची धुराची नळी छपरातून बाहेर जात असेल, तर तिच्या टोपीकडे जमिनीवरूनच नीट बघा. टोपी चेपून नळीचं तोंड दबलं असेल, तर धूर घरात परतू शकतो. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म चालू आहे ना, हे त्याच रात्री तपासा. फर्नेस ऑक्टोबरात सुरू होईल तेव्हा बघू, असं म्हणू नका.

जमिनीवरून काय कळतं?

बरंच कळतं. मी कुठल्याही घरी गेलो की शिडी काढायच्या आधी वीस मिनिटं घराभोवती फिरतो.

शिंगल सहज बोलत नाही, पण पत्रा खोटं बोलत नाही. छपरावरचे हवा जाण्यासाठीचे चौकोनी व्हेंट, पन्हळ, उभे पाइप, खिडकीखालच्या पट्ट्या यांवर खळगे दिसतात का बघा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते जास्त स्पष्ट दिसतात. दिसत नसतील तर खडू आडवा धरून पत्र्यावरून हलक्या हाताने फिरवा. सपाट भागाला रंग लागतो आणि खळगे कोरे राहतात. खिडक्यांच्या जाळ्या फाटल्या आहेत का, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या बारीक पात्या एका बाजूने मुडपल्या आहेत का, व्हाइनल सायडिंगच्या कडा तुटल्या आहेत का, हेही बघा. बार्बेक्यूचं कव्हर आणि लाकडी कुंपण हे उत्तम साक्षीदार. जुन्या, काळवंडलेल्या कुंपणावर गार आपटते तिथली काजळी निघून स्वच्छ गोल ठिपका उरतो. काही आठवड्यांत तो पुसट होतो, म्हणून फोटो लगेच हवा.

यावरून गारा कुठल्या दिशेने आल्या ते समजतं. पश्चिमेच्या जाळ्या फाटल्या असतील आणि पूर्वेच्या शाबूत असतील, तर छपराच्या पश्चिम उताराकडे आधी लक्ष द्यायचं.

शेवटी उभ्या पाइपाच्या तोंडाशी वाकून बघा. तिथे वाळूसारखे दाणे मूठभर साठले असतील तर ते शिंगलचे आहेत. मात्र नव्या छपराचेही दाणे पहिल्या वर्षात थोडे गळतात. एवढ्यावरून घाबरू नका.

छपरावर चढून नेमकं काय तपासतात?

प्रत्येक उतारावर दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन खडूने आखतात. त्यातले गारेचे मार मोजतात आणि प्रत्येकाला गोल करतात. चारही उतारांचे आकडे वेगवेगळे येतात, यायलाच हवेत. सगळीकडे सारखाच मार असेल तर मला शंका येते.

मार ओळखायला डोळ्यांपेक्षा बोटं कामाला येतात. बाजारात सफरचंद घेताना आपण अंगठ्याने दाबून पाहतो, वरून लाल पण आतून ठेचलेलं, तसंच. काळसर ठिपक्यावर बोट दाबलं की ती जागा आजूबाजूपेक्षा मऊ लागते, किंचित आत जाते. चटईला तडा गेला असेल तर नखाला कड जाणवते. ताजा मार काळाकुळकुळीत आणि चकचकीत असतो. वर्षभरापूर्वीचा करडा, निस्तेज होतो. आढ्यावर दुमडून बसवलेले शिंगल आधी बघावेत, कारण ते वाकवलेले असतात आणि तिथे चटई लवकर तुटते.

काय गारेचं नाही, हेही सांगायला हवं. डांबरात अडकलेली हवा उन्हाने फुगून फुटते तेव्हा खोल, उभ्या कडांचे बारीक खड्डे पडतात. तिथे मऊपणा नसतो. उन्हात तापलेल्या छपरावर कुणी बूट घासले असतील तर फरपटल्यासारखे पट्टे दिसतात. वर आलेला खिळा शिंगलला खालून भोक पाडतो. आणि दुःखाची गोष्ट ही की नाणं घासून किंवा हातोड्याने ठोकून केलेले मारही मी पाहिले आहेत. असे मार ओळीत असतात, एकाच आकाराचे, हाताच्या टप्प्यात, आणि शेजारचा पत्र्याचा व्हेंट मात्र गुळगुळीत असतो. गार व्हेंट टाळून पडत नाही.

तुमचं छप्पर सीडरच्या लाकडी फळ्यांचं असेल तर खूण वेगळी. गारेने फुटलेल्या फळीची आतली बाजू नारिंगी-तपकिरी, ताजी दिसते. वयाने फुटलेली आतूनही करडी असते.

मी स्वतः चढलो तर?

नका चढू. कामगारांसाठी अल्बर्टात तीन मीटरच्या वर दोर आणि पट्टा सक्तीचा आहे, तो उगाच नाही. सकाळच्या दवानेही शिंगल निसरडे होतात. दुर्बीण वापरा, फोनचा झूम वापरा.

तपासणी नेमकी कधी करून घ्यावी? हिवाळ्यात चालेल का?

गारपीट झाल्यापासून जितक्या लवकर, तितकं बरं. काहीही झालं तरी बर्फ पडायच्या आत. इथे सप्टेंबरातही बर्फ पडतो, तेव्हा ऑक्टोबरवर भिस्त ठेवू नका. बर्फाखालचं काही दिसत नाही, हे उघडच आहे. पण बर्फ नसलेल्या कोरड्या थंडीतही तपासणी फसते. उणे दहाला डांबर दगडासारखं होतं. जो मऊपणा बोटाला लागायला हवा, तो लागतच नाही. “जानेवारीत माणूस येऊन गेला, काही नाही म्हणाला,” असं कुणी सांगितलं तर मी मे महिन्यात पुन्हा बघायला सांगतो.

हिवाळ्यात आतून मात्र चांगलं तपासता येतं. ॲटिक, म्हणजे सीलिंग आणि छपरामधली पोकळी, तिचं झाकण उघडून टॉर्च मारा. फळ्यांवर पाण्याचे काळे डाग आहेत का, इन्सुलेशन कुठे दबून गच्च झालंय का, खिळ्यांना गंज आहे का. पाय फक्त लाकडी वाशांवर ठेवा. मध्ये पाय पडला तर सरळ बेडरूममध्ये याल.

जानेवारीत सीलिंगमधून पाणी ठिबकलं. हे गारपिटीचंच ना?

असेलच असं नाही, आणि इथे घाई केली तर चुकीच्या गोष्टीवर हजारो डॉलर जातात.

मागे एका जानेवारीत ओळखीतल्या एका काकांचा सकाळी सकाळी फोन आला. बाथरूमच्या पंख्यातून पाणी गळतंय, बाहेर पावसाचा थेंब नाही. घरावर आदल्या उन्हाळ्यात गारा पडल्या होत्या, म्हणून त्यांना खात्रीच होती. मी ॲटिकमध्ये डोकं घातलं. फळ्यांच्या खालच्या बाजूला पांढरं शुभ्र दहिवर जमलं होतं, आणि खाली डोकावणाऱ्या शेकडो खिळ्यांच्या टोकांवर साबुदाण्याएवढे बर्फाचे मणी होते. आदल्या रात्री चिनूक सुटला होता. ते मणी एकेक करून वितळत होते आणि टप टप इन्सुलेशनवर पडत होते. छपराला त्या जागी एकही भोक नव्हतं.

याला इथले लोक ‘ॲटिकमधला पाऊस’ म्हणतात. होतं असं की आपल्या घरात हिवाळ्यात वाफ भरपूर असते. कुकरच्या शिट्ट्या, डाळ-भात, पोळ्या, गरम पाण्याच्या अंघोळी, आत वाळत घातलेले कपडे. ही दमट हवा पंख्याच्या, दिव्याच्या भोकांतून आणि ॲटिकच्या झाकणाच्या फटींतून वर जाते आणि थंडगार फळ्यांवर गोठते. थंडीची लाट लांबली की थर वाढतो, आणि चिनूक आला की सगळा एकदम खाली येतो.

फरक ओळखायचा तो असा: छपराची गळती पाऊस पडताना किंवा छपरावरचा बर्फ वितळताना होते आणि बहुधा एकाच जागी असते. ॲटिकमधला पाऊस कडाक्याच्या थंडीनंतरच्या पहिल्या उबदार दिवशी येतो, कोरड्या आभाळाखाली, आणि दोन-चार ठिकाणी एकदम. त्याचा इलाज नवे शिंगल नव्हेत. फटी बंद करा, बाथरूमच्या पंख्याची नळी ॲटिकमध्येच न सोडता छपराबाहेर नेली आहे ना ते बघा, स्वयंपाक करताना चिमणी लावा, आणि बाहेर उणे वीस असेल तेव्हा घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. काकांच्या पंख्याची नळी निसटून ॲटिकमध्येच पडली होती. ती जोडली, फटी फोमने भरल्या, पुढच्या हिवाळ्यात थेंब नाही.

तिसरी शक्यता वळचणीच्या बर्फाच्या बांधाची. घरातली ऊब वर जाऊन छपरावरचा बर्फ मधोमध वितळतो, पाणी उतारावरून खाली येतं आणि भिंतीबाहेरच्या थंड वळचणीवर पुन्हा गोठतं. तिथे बांध तयार होतो, मागे पाणी तुंबतं आणि शिंगलच्या खालून उलटं चढतं. इथे गारपिटीचा संबंध येऊ शकतो. शिंगलना तडे असतील तर हे तुंबलेलं पाणी थेट त्यातून आत जातं. बांध फोडायला कुऱ्हाड किंवा हातोडा वापरू नका. गार जे करू शकली नाही ते हातोडा करतो.

थंडीत नवे शिंगल बसवता येतात का?

बसवता येतात. बसवावेत का, हा वेगळा प्रश्न आहे.

प्रत्येक शिंगलच्या खाली डांबरी चिकट पट्टी असते. ती उन्हाने तापून खालच्या शिंगलला चिकटते आणि मग वारा शिंगल उचलू शकत नाही. साधारण पाच अंशांच्या खाली ती पट्टी चिकटतच नाही. नोव्हेंबरात बसवलेलं छप्पर एप्रिलपर्यंत फक्त खिळ्यांवर असतं, आणि चिनूकचा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून थंडीत काम करायचंच असेल तर प्रत्येक शिंगलखाली डांबरी सिमेंटचे ठिपके हाताने लावावे लागतात, पंचवीस सेंटच्या नाण्याएवढे. जास्त लावलं तर उन्हाळ्यात तिथेच फोड येतात. वेळ लागतो, आणि घाईतला माणूस हे टाळतो. थंड शिंगल वाकवताना तडकतात, खिळ्याच्या बंदुकीचा दाब जास्त असेल तर खिळा आरपार जातो. गठ्ठे रात्रभर गरम गॅरेजमध्ये ठेवून लागतील तसे वर न्यायला हवेत.

माझं मत स्पष्ट आहे. हिवाळ्यात गळती थांबवण्यापुरती दुरुस्ती करा. संपूर्ण छप्पर मे ते सप्टेंबरमध्ये बदला. पण २०२० किंवा २०२४ सारखी गारपीट झाली की कामगार मिळत नाहीत, तारखा पुढच्या वर्षावर जातात. अशा वेळी ऑक्टोबरातलं काम स्वीकारावं लागलं, तर ‘हाताने सील करणार’ हे शब्द करारात लिहून घ्या.

फक्त आठ-दहा शिंगल बदलून भागेल का?

मार मोजका असेल आणि छप्पर फार जुनं नसेल तर भागतं. आधी एक चाचणी करतात: एक शिंगल हळूच उचलून वाकवून बघायचा. वाकताना तडकला तर त्या छपरावर जागोजागी दुरुस्ती करणं व्यर्थ, कारण एक बदलताना शेजारचे तीन मोडतात.

काम नाजूक असतं. थंड सकाळी, दहाएक अंशांना, सपाट पहार सरकवून चिकट पट्टी सोडवायची. दुपारी तापल्यावर पट्टी सुटत नाही, शिंगल फाटतो. कडक थंडीत शिंगल तडकतो. म्हणून वसंत आणि शरदातल्या सकाळी यासाठी सोन्याच्या. फुटलेल्या शिंगलचे खिळे काढायचे, आणि वरच्या ओळीचेही, कारण ते याच्या माथ्यातून गेलेले असतात. जुना ओढून काढायचा, नवा सरकवायचा, खिळे मारायचे, आणि जिथे जिथे पट्टी सोडवली तिथे सिमेंटचा ठिपका लावून दाबायचं. हा शेवटचा ठिपका राहिला की पहिल्याच वादळात वरचे शिंगल उडतात.

रंग जुळणार नाही. ते सोसावं लागतं. तुमच्या शिंगलचा आकार कंपनीने बंद केला असेल तर मात्र ही गोष्ट ॲडजस्टरला, म्हणजे विमाकंपनीकडून नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, आवर्जून सांगा.

ताडपत्री किती दिवस ठेवता येते?

काही आठवडे. ती आढ्यावरून पलीकडे टाकावी, कडा लाकडी पट्ट्यांत गुंडाळून ठोकाव्यात. हिवाळाभर ठेवली तर व्हेंट झाकले जातात आणि वर सांगितलेला पाऊस आतूनच सुरू होतो. पावत्या जपून ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून केलेला खर्च विमाकंपनीकडे मागता येतो.

इन्शुरन्समध्ये काय बघावं?

आधी पॉलिसीचं छपरावरचं पान काढा, क्लेम नंतर. दोन शब्द शोधा. ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ असेल तर नव्याच्या किमतीचे पैसे. ‘ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू’ असेल, किंवा छपराच्या वयानुसार टक्क्यांचं कोष्टक असेल, तर घसारा वजा करून. पंधरा वर्षांच्या छपराला यात फार थोडं हाती लागतं. अनेकांच्या पॉलिसीत नूतनीकरणाच्या वेळी हा बदल गुपचूप येतो. पत्र येतं, आपण हप्त्याचा आकडा बघतो आणि बाजूला ठेवतो. गारपिटीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, वेगळं आणि मोठं आहे का तेही बघा. तिसरी अट ‘कॉस्मेटिक’ नुकसानाची: पत्र्याला खळगे पडले पण तो गळत नाही, तर काही पॉलिसी पैसे देत नाहीत.

ॲडजस्टर येईल तेव्हा घरी राहा. तुमचे फोटो तारखेसह दाखवा. छपराबरोबर जाळ्या, पन्हळ, सायडिंग, गॅरेजचं दार, डेक हे सगळं यादीत घाला. निर्णय पटला नाही तर लेखी कारण मागा. कंपनीच्या अंतर्गत तक्रार विभागाकडे आधी आणि नंतर जनरल इन्शुरन्स ओम्बडसर्व्हिसकडे जाता येतं. दुसरी सोय फुकट आहे.

टाउनहाउस किंवा कॉन्डो असेल तर छप्पर बहुधा सोसायटीच्या, म्हणजे कॉन्डो कॉर्पोरेशनच्या पॉलिसीत येतं. त्यांचं डिडक्टिबल सभासदांवर वाटलं जाऊ शकतं. तुमच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तरतूद आहे का, हे ब्रोकरला आजच विचारा.

दारावर आलेल्या कॉन्ट्रॅक्टरला काम द्यावं का?

त्याच दिवशी तर मुळीच नको. गारपिटीच्या दुसऱ्या दिवसापासून वस्तीत माणसं फिरू लागतात. त्यांतली काही प्रामाणिक असतात. पण २०२० मध्ये आमच्या शेजारच्या मावशींकडे एक जण आला. गोड हिंदीत बोलला, “आंटीजी, इन्शुरन्स सगळं देईल, तुम्ही फक्त सही करा,” म्हणाला, आणि ॲडव्हान्स घेऊन गेला. छपरावर कुणी चढलं नाही. मावशींच्या मुलाने कागद मला दाखवला तेव्हा कळलं की क्लेमचे पैसे परस्पर त्याच्याकडे जातील असं त्यात लिहिलं होतं. मावशी नंतर कितीतरी दिवस स्वतःलाच बोल लावत होत्या. त्यांची चूक एवढीच की वाचायला वेळ मागितला नाही.

अल्बर्टाचा कायदा तुमच्या बाजूने आहे. दारावर येऊन करार करणाऱ्या आणि काम संपायच्या आत पैसे घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे सरकारचं प्रीपेड कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स असावं लागतं. ते ऑनलाइन तपासता येतं. दारावर झालेला करार प्रत मिळाल्यापासून दहा दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. कामगारांच्या विम्याचं, म्हणजे डब्ल्यूसीबीचं पत्र मागा. कुणी छपरावरून पडला आणि विमा नसेल, तर प्रकरण तुमच्या दारात येऊ शकतं. आणि “डिडक्टिबल आम्ही भरतो” असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तो आकडा तो बिलात फुगवतो, आणि खोट्या बिलावर क्लेम तुमच्या नावाने जातो.

नवं छप्पर घालताना काय निवडावं?

गारेच्या माराला शिंगलचे चार वर्ग असतात. चौथ्या वर्गासाठी दोन इंचांचा पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. शिंगल मागून तडकला नाही तर पास. कॅल्गरीत मी चौथ्या वर्गाखालचं काही सुचवत नाही. पण चाचणी नव्या शिंगलवर होते, दाणे उडणं त्यात मोजत नाहीत, आणि टेनिस बॉलएवढी गार दोन इंचांपेक्षा मोठी असते, हे लक्षात ठेवा. डांबरात रबरासारखं पॉलिमर मिसळलेले शिंगल थंडीतही लवचिक राहतात, म्हणून इथे ते जास्त उपयोगी. जुन्या टायरच्या रबराचे आणि पत्र्याचे पर्यायही आहेत. पत्रा घेणार असाल तर आधी पॉलिसीतली ‘कॉस्मेटिक’ अट वाचा. २०२० नंतर शहराने अशा छपरांसाठी ३,००० डॉलरची सवलत दिली होती. ती मर्यादित होती, तेव्हा ती धरून बजेट आखू नका. हप्त्यात सूट मिळते का, हे मात्र कंपनीला विचारा.

जुन्यावर नवे शिंगल चढवू देऊ नका. खालचा उंचसखल, पोकळ थर गारेला आयतं सावज देतो. जुनं सगळं उतरवलं की फळ्या दिसतात, कुजलेल्या बदलता येतात. वळचणीला स्वतः चिकटणारा जलरोधक पडदा हवाच: उतारावर किमान ९०० मिलिमीटर, आणि बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून आणखी ३०० मिलिमीटर आत जाईल एवढा. बर्फाच्या बांधामागचं पाणी तोच अडवतो. हवा खेळण्यासाठी सीलिंगच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाएवढी मोकळी जागा हवी, त्यातली काही वळचणीला आणि काही आढ्याजवळ. एस्टिमेटमध्ये या गोष्टी आकड्यांसह लिहिलेल्या नसतील तर ते एस्टिमेट अपुरं आहे.

सोलर पॅनल असतील तर?

पॅनलची नेहमीची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळीची, ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाची असते. म्हणजे मोठ्या गारेची हमी नाही. छप्पर बदलताना पॅनल काढून परत बसवण्याचा खर्च वेगळा आणि बराच असतो. तो क्लेममध्ये सुरुवातीलाच मांडा.

डिसेंबरात दोन महिने भारतात चाललोय. दुरुस्तीची तारीख एप्रिलची आहे. घर असंच सोडू का?

फुटक्या जागांवर तात्पुरती डागडुजी केल्याशिवाय सोडू नका. तडे गेलेल्या शिंगलखाली सिमेंट भरून आणि चेपलेल्या व्हेंटच्या टोप्या बदलून दोन-तीन तासांत काम होतं. दुसरं म्हणजे बहुतेक पॉलिसींत हिवाळ्यात घर रिकामं असेल तर कुणीतरी ठराविक दिवसांनी आत येऊन पाहावं अशी अट असते. किती दिवसांनी, ते ब्रोकरकडून ई-मेलवर लिहून घ्या. मुख्य नळ बंद करा, फर्नेस चालू ठेवा.

किल्ली ज्यांच्याकडे देणार त्यांना ॲटिकचं झाकण कुठे आहे ते दाखवून ठेवा, आणि सांगा की चिनूक सुटला की दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर एक फेरी मारा: बाथरूमचा पंखा, कपाटांचे कोपरे, उत्तरेकडच्या खोलीचं सीलिंग. डाग दिसला तर पेन्सिलने त्याच्या कडेने रेघ मारून बाजूला तारीख लिहायला सांगा. तुम्ही परत याल तेव्हा डाग रेघेबाहेर गेलाय की तिथेच आहे, यावरून मला निम्मं निदान करता येतं.